वरून टाकायची कोथिंबीर
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे अर्ज झाले. आता दहा मिनिटं मला द्या. विषय तुमच्या रोजच्या हातातला आहे, भाजी धुण्याचा.

मागे एका गटाच्या बैठकीत आम्ही पोहे केले. पोहे वाफाळते, पण वरून टाकलेली कोथिंबीर जुडी सोडून तशीच चिरलेली. चिरणारी मीच होते! एका मावशींनी दाताखाली आलेला खडा काढून मला दाखवला. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण खडा लागला म्हणून कळलं. जे दाताला लागत नाही त्याचं काय?

चांगली शिजलेली भाजी असेल तर मला फार काळजी नाही, उकळीत जंतू मरतात. काळजी कच्चं खातो त्याची. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो, मुळा, गाजर, पेरू, द्राक्षं. नाल्याचं पाणी, उघड्यावरची घाण, बाजारातलं गोणपाट, दहा जणांचे हात, हे सगळं त्याला लागून घरात येतं. मग जुलाब, टायफॉइड, कावीळ. लहान लेकराला जुलाब लागले की दवाखाना, औषध आणि बुडालेली मजुरी. त्यासाठी गटातून कर्ज काढलेल्या बायका इथंच बसल्या आहेत.

बऱ्याच जणी म्हणतात, कोबीतली अळी मेंदूत जाते. ती हिरवी अळी जात नाही हो. ज्या माणसाच्या पोटात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी आहे, त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्याला दिसत नाहीत. कच्च्या भाजीवरून ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. म्हणजे डुकराचं मांस कधी न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. अळी दिसली नाही म्हणून कोबी स्वच्छ, असं समजू नका.

आता धुवायचं कसं? आधी हात साबणानं धुवा. पालेभाजी निवडा, पण चिरू नका. चिरून धुतली तर सत्त्व पाण्यात जातं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाला बुडवून हलवा, थोडा वेळ थांबा. माती तळाशी बसते. मग पाला हातानं वर उचलून घ्या. आपण काय करतो, पातेलं चाळणीत उपडं करतो आणि तळाची माती परत पाल्यावर ओततो. मी कित्येक वर्षं हेच केलं. पाणी बदलून तीनदा करा, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. काकडी, गाजर, बटाटा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कलिंगडसुद्धा कापायच्या आधी धुवा, सुरी सालीवरची घाण आत नेते.

"ताई, पाणी तुम्ही आणून देणार का?" हे मला ऐकू आलं. बरोबर आहे, दोन हंड्यांसाठी पायपीट करणारीला तीन पाण्यांचं सांगणं सोपं नाही. मग निदान जे कच्चं खायचं ते तरी नीट धुवा, आणि शेवटचं पाणी पिण्याचंच असू द्या. धुतलेलं पाणी परसबागेला घाला.

साबण किंवा कपड्याची पावडर भाजीला लावू नका, ती पोटात जाते. मिठाच्या पाण्यात फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर येतात, पण तेवढ्यानं जंतू मरत नाहीत.

फवारणीचं मात्र वेगळं आहे. वरवरचं औषध धुण्यानं बरंचसं कमी होतं, पण झाडात भिनलेलं निघत नाही. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते लिहिलेलं असतं. बाजारात न्यायचं वांगं असो की घरी खायचं, तेवढे दिवस तोडू नका. घरात कुणाला वाचता येत नसेल तर डबा गटात आणा, आपण मिळून वाचू.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं कोथिंबिरीची एकेक जुडी आणा. पातेलं मी आणते. तिसऱ्या पाण्याच्या तळाशी काय उरतं ते सगळ्या मिळून बघू, आणि मग पोहे करू.