पुणतांब्याचा सवाल आणि मुंबईचा बाजार

(राहाता येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आम्हांस या सभेचें आमंत्रण देतांना मंडळींनीं हळूच एक अट घातली कीं, कोणत्याहि पक्षाचें नांव घेऊं नका, नाहीं तर निम्मी माणसें उठून जातील. हें ऐकून आम्हांस आधीं हसूं आलें व मग वाईट वाटलें. पेरूचा भाव पडला म्हणजे सारा गांव एका ओट्यावर बसून हळहळतो. पण भाव कां पडला असें कोणी विचारलें कीं त्याच ओट्यावर दोन तट पडतात आणि जो तो आपापल्या पुढाऱ्याची वकिली करूं लागतो. तीहि फुकट! तेव्हां ती अट आम्ही मोडणार आहों. ज्यास उठावयाचें असेल त्यानें खुशाल उठावें.

आपल्याच तालुक्यांतल्या पुणतांब्याची गोष्ट घ्या. 1 जून 2017 रोजीं तेथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. गिरणीचा मजूर संप करतो हें जगाला ठाऊक. पण शेतकरी संप करील हें कोणास खरें वाटेना, कारण गाईचें दूध सडांत साठवून ठेवतां येत नाहीं आणि तोडणीला आलेली भाजी वाट पाहत नाहीं. तरी लोकांनीं ग्रामसभेंत ठराव केला व तो पाळला. 3 जूनच्या पहाटे मुंबईंत मुख्यमंत्र्यांच्या भेटीनंतर कांहीं पुढाऱ्यांनीं संप मागें घेतल्याचें जाहीर केलें, तें गांवोगांवच्या लोकांनीं मानलें नाहीं. शेवटीं 24 जूनला सरकारला 34,000 कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. तींत दीड लाखाची मर्यादा होती; नवराबायकोनें जोडीनें रांगेंत उभें राहून यंत्रावर अंगठे द्यावयाचे, असा छळहि पुष्कळ झाला. सुतार, लोहार, कुंभार यांची अवजारें गहाण पडलीं तरी तीं शेतीकर्जांत बसत नाहींत, म्हणून ते बाहेरच राहिले. पण जें मिळालें तें कोणा पक्षाच्या कृपेनें नव्हे, रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या हट्टानें मिळालें.

आतां पुढची गोष्ट ऐका. पुणतांब्यानें 1 जून 2022 पासून पुन्हां धरणें धरलें. ऊस, कांदा, दूध आणि दिवसा वीज, असे घरचेच सवाल होते. कृषिमंत्री दादा भुसे यांच्याशीं बोलणीं झालीं, आश्वासनें मिळालीं व धरणें स्थगित झालें. तीन आठवडेहि गेले नाहींत तोंच 20 जूनच्या रात्रीं शिवसेनेचे आमदार सुरतेस निघाले, तेथून गौहत्तीस पोंचले, आणि थोड्याच दिवसांत आमच्याशीं बोलणी करणारे कृषिमंत्रीहि त्यांना जाऊन मिळाले! पेरणीचे दिवस होते. 30 जूनला नवें सरकार आलें खरें, पण 9 ऑगस्टपर्यंत साऱ्या महाराष्ट्राचा कारभार दोनच मंत्री पाहत होते. जुलैच्या पावसानें पिकें झोडपलीं त्या वेळीं कृषिमंत्री कोण, याचें उत्तर कोणापाशींहि नव्हतें.

पुढें शेतीचें खातें अब्दुल सत्तार यांजकडे गेलें. जुलै 2023 मध्यें राष्ट्रवादीचा एक भाग सरकारांत शिरला, त्याची वांटणी करतांना तें धनंजय मुंडे यांस मिळालें. डिसेंबर 2024 मध्यें माणिकराव कोकाटे आले. विधान परिषदेंत बसून ते मोबाईलवर पत्त्यांचा डाव खेळत असल्याची चित्रफीत जुलै 2025 मध्यें फिरली. आपण खेळत नव्हतों असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां त्यांची शेती काढून घेण्यांत आली आणि क्रीडा खातें देण्यांत आलें. हा विनोद आम्हीं रचलेला नाहीं. त्यांच्या जागीं दत्तात्रय भरणे आले. म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आंत पांच कृषिमंत्री! ज्या घरीं वर्षाला सालगडी बदलतो त्या घरचें रान कसें असतें, हें तुम्हांस सांगावयास नको.

पक्षांतराला बंदी करणारा कायदा 1985 सालचा आहे व 2003 मध्यें तो कडकहि करण्यांत आला. पण त्याची रीत पाहा. एखादा बैल दुसऱ्याच्या रानांत शिरला तर त्यास कोंडवाडा. दोनतृतीयांश कळप दुसऱ्या कळपांत विलीन झाला तर गुन्हा नाहीं! आणि शिवसेनेच्या बाबतींत तर खरा कळप कोणता हाच वाद झाला. 2022 च्या जूनमधल्या फुटीचा निकाल विधानसभेच्या अध्यक्षांनीं 10 जानेवारी 2024 रोजीं दिला, आणि तोहि असा कीं, दोन्ही बाजूंचा एकहि आमदार अपात्र ठरला नाहीं. सातबाऱ्याची नोंद पंधरा दिवस चुकली तर तलाठी आम्हांस दंडाची भीति घालतो.

यांचें भांडण आमच्या गांवकीपर्यंत येऊन पोंचतें. सरपंच थेट लोकांनीं निवडावा असा कायदा 2017 मध्यें झाला. पुढें दुसरें सरकार आलें, त्यानें 2020 मध्यें तो फिरवला. 2022 मध्यें तिसरें आलें, त्यानें पुन्हां पहिला आणला. सरपंच कसा निवडावा हें गांवाला मात्र कोणींच विचारलें नाहीं. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्यें संपली व प्रशासक बसला. निवडणुका घ्या असें सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजीं बजावून सांगावें लागलें. शाळेचें छप्पर गळतें हें सांगावयास तीन वर्षें आपला माणूसच नव्हता, आणि त्याबद्दल कोणत्याहि पक्षाच्या आमदारानें उपास धरल्याचें आमच्या कानीं नाहीं. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या एकमतानें होते. ऑगस्ट 2016 मध्यें आमदारांचे पगार वाढविण्याचें व माजी आमदारांचें निवृत्तिवेतन महिना 50,000 करण्याचें बिल आलें, तें चर्चेवांचून पास झालें.

आतां घरचें बोलूं. आपल्या शिर्डी मतदारसंघांतून राधाकृष्ण विखे पाटील 1995 पासून निवडून येत आहेत. काँग्रेस, मग शिवसेना, मग पुन्हां काँग्रेस, आणि 2019 पासून भारतीय जनता पक्ष. ज्या सरकारचे ते विरोधी पक्षनेते होते त्याच सरकारांत जून 2019 मध्यें ते मंत्री झाले. त्यांनीं कामें केलीं कीं नाहीं याचा निवाडा ज्याचा त्यानें करावा. आमचा सवाल त्यांना नाहीं, तुम्हांआम्हांस आहे. झेंडा बदलला त्या प्रत्येक वेळीं मत आम्हींच दिलें ना? मग कालपर्यंत ज्या झेंड्यासाठीं भावाभावांनीं बांधावर डोकीं फोडलीं, तो झेंडा कोणाचा होता? पुढारी एका रात्रींत एका ताटांत जेवतात, आणि आमच्याकडे पांच वर्षांपूर्वींच्या निवडणुकीवरून सोयरीक मोडते.

याच तालुक्यांत लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांनीं गांवोगांव फिरून शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांची साथ घेतली, आणि 1950 च्या गळिताला सहकारी कारखान्याचें धुराडें पेटलें. त्या वेळीं शेअर देणाऱ्यानें पैसा दिला म्हणून हिशेब मागितला. मत देणारा हिशेब मागत नाहीं, कारण मत फुकटचें आहे अशी त्याची समजूत!

आम्ही कांहीं मोठी योजना घेऊन आलों नाहीं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशीं ग्रामसभा भरते. त्या सभेंत आमदारास, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, लेखी बोलावणें धाडावयाचें आणि पाटपाणी, वीज, पिकाचा भाव व कारागिरांचें कर्ज या चार बाबतींत विधानसभेंत काय विचारलें, हें त्यानें उभें राहून सांगावयाचें. आला नाहीं तर तो आला नाहीं असें इतिवृत्तांत लिहावयाचें, आणि निवडणुकीच्या वेळीं तें पान पारावर चिकटवावयाचें. कमान नको, फटाके नकोत, हार तर मुळींच नकोत.

पहिल्या बोलावण्याचा कागद या टेबलावर ठेवला आहे. लेखणी आहे, अंगठ्यासाठीं शाईची गादीहि आहे. मघाशीं जे उठून दाराशीं उभे राहिले आहेत त्यांनींहि यावें; रांग बायांची आधीं लागूं द्या.