मोबाइलवरचं आपलं अक्षर



३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. भारतातला तो पहिला मोबाइल कॉल. तेव्हा मोबाइल होता बोलण्यापुरता. पुढे एसएमएस रुळला, तसा तो लिहिण्यावाचण्याचाही झाला. मराठीची खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावत. देवनागरीत लिहिलं की मर्यादा ७० वर येई. शिवाय फोनची मोजणीही वेगळी. ‘लक्ष्मी’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरी. फोन मात्र त्यात सात खुणा मोजतो: ल, क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म आणि वेलांटी. मग पैसे वाचवायला आपण रोमन लिपीत मराठी लिहू लागलो. काल, काळ, कल, कळ, सगळे एकाच साच्यात जाऊन बसले.

२००८ साली ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, अँड्रॉइडही बाजारात आलं, आणि वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा एकाच पडद्यावर आले. आज आपण सहज मराठीत लिहितो. ॲप बनवणाऱ्याची जबाबदारी मात्र तेवढ्याने संपत नाही. पडद्यावर न मावणारं लांब नाव काही ॲप कुठेही तोडतात. खुणा मोजून तोडलं, तर ‘लक्ष्मी’ची ‘लक्’ उरते. तोडायचंच असेल, तर पूर्ण अक्षरावर तोडावं.

दुसरं उदाहरण कानांनीच ऐका. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. र ला हलन्त देऊन य जोडला, की पडद्यावर समुद्रच उमटतो. दरीसाठी खाली टिंब असलेला र लागतो. तो कीबोर्डवर सहज सापडला नाही, तर ‘आचाऱ्यांना वाढा’ असं लिहायला बसलेल्या माणसाकडून ‘आचार्यांना वाढा’ असं लिहिलं जातं.

ॲप बनवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, ॲप लोकांपुढे ठेवण्याआधी त्यात हे तीन शब्द लिहून पाहा: लक्ष्मी, दऱ्या, आचाऱ्यांना. स्वस्तातल्या, लहान पडद्याच्या फोनवर पाहा. मग तो फोन घरातल्या आजीच्या हाती द्या आणि तिला मोठ्याने वाचायला सांगा. ती कुठे अडखळली, तर तिथलं काम अजून बाकी आहे.