काचेच्या टाकीतलं प्रवाळ

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात रंगीत प्रवाळ आणि ‘लाइव्ह रॉक’ ठेवायची हौस वाढते आहे. हा लाइव्ह रॉक म्हणजे मृत प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा. त्यातले जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया निकामी करतात, म्हणून टाकीत तो हवासा वाटतो.

पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, खडक बांधणारी सगळी प्रवाळं आहेत. शिवाय काळं प्रवाळ आणि समुद्रपंखेही. ती समुद्रातून काढणं आणि विकणं गुन्हा आहे, मग तुकडा जिवंत असो वा वाळलेला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. ‘दुकानात मिळालं’ हा बचाव नव्हे.

आपल्या मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आहे, आणि ते वाढतं फार सावकाश. टाकीसाठी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात. जिवाणू त्यांवरही वसतात. तेच घ्या, आणि कुणी प्रवाळ विकताना दिसलं तर वनविभागाला जरूर कळवा.