बंधूंच्या संघात भगिनी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दहा मिनिटे बोलावयास सांगितले आणि विषयही देऊन टाकला : ‘पुरुषांना मंडळाच्या कामात घ्यावे काय?’ मागल्या दोन सभांत यावरून किती आवाज चढले ते आपणांस ठाऊकच आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, व्याख्यान असे मला जमावयाचे नाही. परंतु असाच वाद अमेरिकेतल्या कॉलेजांत तीस वर्षे चालला होता. त्याची हकीकत माझ्या भाचीने मला समजावून दिली, तीच सांगते. तेथे प्रश्न मात्र उलटा होता. संघ पुरुषांचा, आणि आत यावयाचे होते मुलींना.

पेनसिल्व्हेनियात लाफाएत नावाचे कॉलेज आहे. तेथे फ्रँक रीड हॉर्टन या विद्यार्थ्याने १९२५ च्या डिसेंबरात ‘अल्फा फाय ओमेगा’ नावाचा बंधुसंघ काढला. त्या देशात कॉलेजच्या मुलांचे असे बंधुसंघ पुष्कळ. बहुतेक आपसांतल्या स्नेहासाठी आणि मौजेसाठी. हा मात्र सेवेसाठी. बालवीरांची शपथ घेतलेल्या मुलांनी मोठेपणीही ती पाळावी, हा हेतू. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही त्यांची तीन तत्त्वे. कॉलेजाकॉलेजांतून शाखा निघाल्या, पण सभासद सारे पुरुष.

मुलींना सेवा करावयाची नव्हती असे थोडेच आहे? त्यांनी १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये जमून ‘गॅमा सिग्मा सिग्मा’ हा आपला निराळा सेवासंघ काढला. पुढे १९७२ साली तिकडे कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी स्त्री-पुरुष असा भेद करू नये. १९७४ साली त्यातून स्नेहासाठी असलेले बंधुसंघ आणि भगिनीसंघ वगळले. सेवेच्या संघांना ती सवलत नव्हती. १९७६ च्या अधिवेशनात अल्फा फाय ओमेगाने मुलींना दार उघडले. गंमत अशी की, आत आलेल्या मुलीलाही तेथे ‘ब्रदर’च म्हणतात! आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितले तर त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पण काही जुन्या शाखा केवळ पुरुषांच्याच राहिल्या. आहे ते चालू द्यावे, असा समजुतीचा तोडगा निघाला होता. ही समजूत पुढे तीस वर्षे कुरकुरत राहिली. त्या शाखांतली मुले म्हणत, आमचा बंधुभाव निराळा आहे, मुली आल्या की मोकळेपणा जाईल; शिवाय सेवा आम्ही कोणाहून कमी करीत नाही. दुसरी बाजू म्हणे, बिल्ला एक, नाव एक, मग एका कॉलेजात मुलगी आत आणि दुसऱ्या कॉलेजात तीच दाराबाहेर, हे कसे? अखेर २००६ च्या अधिवेशनात ठराव झाला की, २००८ च्या अधिवेशनापर्यंत प्रत्येक शाखेने मुलींना घेतलेच पाहिजे.

हे ऐकून मला प्रथम बरे वाटले. मग मनात आले, ‘मोकळेपणा जाईल’ हे तर आपलेच वाक्य! मागल्या सभेत तीनजणींनी म्हटले आणि मीही मान डोलावली. त्या मुलांचे म्हणणे चूक, तर आपले बरोबर कसे?

मी यावर पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की, दार बंद केल्याने बाहेरच्याचे काय जाते ते पाहावे. त्या मुलींचे बरेच जात होते : संघाचे नाव, ओळखीपाळखी, पुढारीपणा शिकण्याची संधी. आपल्या दाराबाहेरच्या पुरुषाचे काय जाते? गणेशोत्सवाची कमिटी त्यांची, सोसायटीची सभा त्यांची, चौकातला कट्टाही त्यांचाच. बाईला मात्र सासूचे, नवऱ्याचे, अंगावरच्या दुखण्याचे बोलावयास गुरुवारची ही दोन तासांची सतरंजी आहे. ती सतरंजी मी सोडणार नाही, आणि कोणी सोडा म्हटले तर भांडेन.

पण इस्पितळात डबे पोचविण्याचे काम त्या सतरंजीवर होत नाही. पुण्याच्या सेवासदनाचेच पाहा ना. १९०९ साली निघालेली ती संस्था बायकांसाठी, रमाबाई रानडे तिच्या प्रमुख. तरी देवधरांसारख्या पुरुषाने तेथे जन्मभर राबण्यात कोणास काही वावगे वाटले नाही. रोग्याला भाकरी कोणी आणली याचे काय?

म्हणून माझी सूचना एवढीच. गुरुवारची बैठक आपली आपल्याकडे राहू द्यावी. मंडळाचा पैसा आणि मतही आपल्याच हाती असावे. डब्यांच्या कामात मात्र जो येईल त्याला घ्यावे. मागल्या आळीतले दोन विद्यार्थी सायकली घेऊन यावयास तयार आहेत, त्यांपैकी एकाला तर पोळ्याही लाटता येतात म्हणे. त्यांची नावे मी चिटणीसबाईंकडे दिली आहेत. सोमवारच्या पाळीला माणसे कमी आहेत, तेथे ती घालावीत.