मुजोर घोड्याच्या तोंडात काय घालावं?



'मुजोर' हे विशेषण हल्ली आपण रिक्षावाल्यांना आणि पुढाऱ्यांना बहाल करून टाकलंय. पागेत ते अजून शब्दशः लागू पडतं. तोंडात जोर असलेला, लगामाला न जुमानणारा, तो मुजोर.

असा एक माझ्याकडे आहे. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. रिंगणात अगदी गाय. पण रपेटीला बाहेर काढला आणि उसाच्या कडेचा मोकळा गाडीरस्ता दिसला, की मान ताणून सुटायचा. मी लगाम ओढला की आणखी जोरात. फार उशिरा डोक्यात प्रकाश पडला. शर्यतीत जॉकी लगाम आखडून धरतो आणि घोडा त्या ताणावर तोंड टेकूनच धावायला शिकतो. मी 'थांब' म्हणत होतो, त्याला 'पळ' ऐकू येत होतं.

तोवर मी व्हायची ती चूक करून बसलो होतो. जास्त कडक बिट आणलं. बिट म्हणजे जुन्या मराठीतलं कडियाळं, तोंडातला लोखंडी भाग. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत एक मोकळी फट असते, तिथे ते बसतं. खाली जीभ आणि जबड्याचं हाड. हाडावर हिरडीचा पातळ थर, बस्स. माझ्या नव्या बिटाने घोडा थांबला नाही, फक्त मान आभाळाकडे करून पळू लागला. मान वर गेली की ओढ हाडाऐवजी ओठांच्या कोपऱ्यांवर जाते, आणि स्वाराच्या हातात काही उरत नाही.

शेवटी पशुवैद्याला बोलावलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या. घोड्याचे दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात, झीज सारखी होत नाही, म्हणून ते कानशीने घासावे लागतात. गाल सोलवटलेला असताना त्याच्या तोंडात मी लोखंडाचे प्रयोग करत होतो! चंदीही जास्त होती. दिवसभर ठाणावर बांधलेल्या जनावराला पोटभर धान्य घातलं तर ते बाहेर पडल्यावर उधळणारच.

आता हे बघा. हे साधं स्नॅफल. जेवढी ओढ हातात, जवळजवळ तेवढीच तोंडात. मधे एकच सांधा असला तर ओढल्यावर अडकित्त्यासारखं दुमडतं. दोन सांध्यांचं जिभेवर सपाट बसतं. आणि हे दुसरं, पेल्हम. बाजूच्या दांड्या पाहा: तोंडाच्या वर चार सेंटिमीटर, खाली आठ. म्हणजे ही सरळ तरफ झाली. खालच्या कडीला एक किलोची ओढ दिली, तर हनुवटीखालच्या साखळीवर साधारण दोन किलो आणि जबड्यावर तीन. ज्याला मांड नाही आणि तोल जाताच जो लगामाला लोंबकळतो, त्याच्या हाती हे देऊ नये. मग घोडा कितीही जोरकस असो.

मी हेच निवडलं, पण दोन लगामांनिशी. वरचा लगाम जवळपास स्नॅफलचंच काम करतो, नेहमी तोच हातात. खालचा सैल. साखळी अशी लावायची की दांडी पंचेचाळीस अंशांपर्यंत मागे आली तरच ती हनुवटीला लागावी. गरज पडली तर खालचा लगाम क्षणभर उचलायचा आणि लगेच सोडायचा. सतत धरून ठेवला तर घोडा त्याच्यावरही टेकतो. त्याला टेकायला काही मिळूच द्यायचं नाही.

ग्रीक स्वार झेनोफन ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून गेलाय, की स्वाराकडे दोन बिटं असावीत, एक खरखरीत आणि एक गुळगुळीत. पहिल्याची आठवण राहिली की दुसरं घोड्याला सुखाचं वाटतं. तेवढं कठोर व्हायचं माझ्याच्याने होत नाही, पण दोन लगामांत थोडं तेच आहे.

परतीच्या वाटेवर, पागेचा वास लागला की, माझा घोडा अजूनही घाई करतो. पूर्वी मी दोन्ही हातांनी ओढायचो. आता करंगळीने खालचा लगाम एकदा उचलतो. तो कान मागे करतो, जरा नाराज होतो, आणि दुडक्या चालीवर येतो.