इम्युनिटीची बाटली लिहून देण्याआधी



परिषदेच्या अध्यक्षाने सगळ्या वैद्यकशास्त्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती मोडून मी एकाच आजारावर बोलणार आहे. तो म्हणजे कोड. गडहिंग्लज असो की शाहूवाडी, कोडाचा रुग्ण आला की सोबतच्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: हे लागट आहे का, आणि पोरीचं लग्न कसं व्हायचं? कोविडनंतर तिसऱ्याची भर पडली आहे: ‘डॉक्टर, इम्युनिटी वाढायला काही द्या की!’ आणि आपल्यातले काही डॉक्टर बाटली लिहूनही देतात.

कोडात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर आपल्याच मारक टी पेशी तुटून पडलेल्या असतात. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी मुळात घडतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तिथल्या बहुतेक टी पेशी बाहेरचं जग न पाहताच मरतात. ‘एअर’ या जनुकामुळे एरवी स्वादुपिंडात बनणारं इन्सुलिनही तिथे जरासं तयार होतं. अशा आपल्याच प्रथिनांना फार घट्ट चिकटणारी पेशी सहसा बाद होते. पण बऱ्यापैकी चिकटणाऱ्या काही पेशींत फॉक्सपी३ हे जनुक चालू होतं आणि त्या नियामक बनतात. मला याचं फार नवल वाटतं. जी ओळख घातक ठरली असती, तिच्याच बळावर या पेशी राखण करतात! काही नियामक पेशी पुढे आतड्यातही घडतात, अन्नाच्या आणि जिवाणूंच्या सहवासात.

हे कळलं ते उंदरांमुळे. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या माद्यांचे बीजकोश नासतात, असं जपानमध्ये १९६९ साली दिसलं; तो त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेचा घाला होता. ग्रंथी काढली तर प्रतिकार मंदावायला हवा. इथे तो उलट उफाळला. पुढे, प्रतिकार दाबणाऱ्या ‘दमनकारी’ पेशी असतात ही कल्पनाच बदनाम झाली, लोक तो विषय सोडून गेले. शिमोन साकागुची मात्र चिकटून राहिले आणि १९९५ साली त्यांनी सीडी२५ या खुणेवरून या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली फॉक्सपी३ शोधलं. ते बिघडलं की तान्ह्या मुलग्यांना जुलाब, मधुमेह, इसब एकदमच गाठतात. या तिघांना २०२५चं नोबेल मिळालं.

कोडाच्या रुग्णांत या पेशी त्वचेत कमी पडतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. पण त्या टोचून कोड बरं करण्याचे उपचार अजून प्रयोगावस्थेत आहेत. जाहिराती काहीही म्हणोत. आज आपल्या हाती मलमं आहेत, अतिनील किरणांचा उपचार आहे. आणि थायरॉइडची तपासणी आहे, कारण हीच प्रतिकारयंत्रणा तिथेही घाला घालते. ही तपासणी लिहायला आपण विसरतो.

लग्नाच्या प्रश्नावर औषध नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने या प्रश्नावर काम केलं आहे; सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावरचा. तो न पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा. आता पहिल्या सत्राच्या वक्त्यांना मंचावर यायची विनंती करतो. थायरॉइडबद्दल त्यांना अडचणीचे प्रश्न विचारा.