कायद्याचा शब्द आणि स्त्रीची वाणी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त चारठाणा येथे भगिनीवर्गापुढे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी थोरांचे स्मरण करावे अशी आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीस अनुसरून एका विदुषीचे चरित्र व कार्य आज मी आपणांपुढे मांडणार आहे. त्यांचे नाव श्रीमती व्हायोलेट अल्वा. व्यवसायाने त्या वकील होत्या आणि सुमारे साडेसतरा वर्षे त्यांनी राज्यसभेत काम केले. मुंबई-दिल्लीकडील बाईंची हकीकत चारठाण्यास सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. ते प्रयोजन ओघाने येईलच.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, स्त्रीने न्यायालयात उभे राहून दुसऱ्याची बाजू मांडावी हा अधिकार या देशात फार जुना नाही. आपल्या नाशिक येथे १८६६ साली ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. परंतु केवळ स्त्री म्हणून त्यांना सनद मिळेना. १९२३ साली कायदा झाला तेव्हा कोठे स्त्रियांस वकिलीचे दार उघडले. विद्या आहे, बुद्धी आहे, पण बोलण्याची मुभा नाही, अशा अवस्थेत एका कर्तबगार बाईची तीस वर्षे गेली.

त्या उघडलेल्या दारातून पुढे ज्या स्त्रिया आत आल्या त्यांत व्हायोलेटबाई होत्या. त्यांचा जन्म २४ एप्रिल १९०८ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील रेव्हरंड लक्ष्मण हरी हे अँग्लिकन पंथाचे पाळक होते. नऊ भावंडांत व्हायोलेट आठवी. सोळाव्या वर्षी आईबापांचे छत्र हरपले आणि वडील भावंडांनी पोटाला चिमटा घेऊन तिला शिकविले. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून व नंतर शासकीय विधी महाविद्यालयातून त्या शिकून बाहेर पडल्या. १९३७ साली त्यांचा विवाह जोकिम अल्वा या कॅथलिक गृहस्थांशी झाला. तेही वकील, पत्रकार आणि स्वातंत्र्याच्या चळवळीतले. १९४३ साली बाईंना अटक झाली तेव्हा पाच महिन्यांचे तान्हे बाळ कडेवर घेऊन त्या आर्थर रोडच्या तुरुंगात गेल्या. पुढल्याच वर्षी, १९४४ साली, उच्च न्यायालयाच्या पूर्ण न्यायपीठापुढे युक्तिवाद करणारी पहिली भारतीय स्त्री वकील म्हणून त्यांची नोंद झाली. ज्या सरकारने कोठडीत घातले त्याच सरकारच्या न्यायालयात, कायद्याच्याच भाषेत, त्या उभ्या राहिल्या.

१९४८ पासून १९५४ पर्यंत मुंबईच्या बाल न्यायालयाच्या त्या अध्यक्षा होत्या. चोरी करून पळालेले पोर, आईबापांनी टाकलेले पोर, भीक मागावयास लावलेले पोर, असली मुले ज्या न्यायासनापुढे येतात तेथे नुसती कलमे पाठ असून भागत नाही. त्या मुलाला धड बोलता येत नसते. त्याच्या न बोललेल्या गोष्टी ऐकाव्या लागतात. ही ऐकण्याची सवय बाईंना पुढे दिल्लीस उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

१९५२ साली राज्यसभा प्रथम भरली आणि त्याच वर्षी बाई मुंबई राज्यातर्फे तीत गेल्या. पुढे त्या म्हैसूर राज्यातर्फे निवडून आल्या. त्या वेळी आपले चारठाणे हैदराबाद राज्यात होते. भाषावार राज्ये व्हावीत या मताच्या त्या होत्या. १९५६ साली राज्य पुनर्रचनेचा कायदा संसदेने संमत केला आणि १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. दूरच्या सभागृहात उच्चारलेला शब्द आपल्या वेशीपर्यंत कसा येतो, याचे हे घरचेच उदाहरण होय.

दुसरे उदाहरण त्याहूनही जवळचे आहे. हुंडाबंदीचे विधेयक संसदेपुढे आले तेव्हा दोन्ही सभागृहांचे एकमत होईना, म्हणून १९६१ च्या मे महिन्यात लोकसभा व राज्यसभा यांची संयुक्त बैठक भरवावी लागली. स्वतंत्र भारतात अशी बैठक ही पहिलीच. हुंड्याच्या व्याख्येत कोणते शब्द असावेत हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. अखेर जो कायदा झाला त्यात ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ दिलेली मालमत्ता असा अर्थ आला. आता हे दोन शब्द नसते तर काय झाले असते? ‘आम्ही हुंडा मागितला नाही, फक्त गाडी आणि लग्नाचा खर्च मागितला,’ असे म्हणणाऱ्यास पळवाट मिळाली असती. आपल्या गावातील प्राचीन हेमाडपंती देवळे पाहा. त्या बांधणीत चुना नसतो. दगड दगडाशी नेमका बसावा लागतो. कायद्यातील शब्दांचेही तसेच आहे. एक शब्द ढिला बसला की त्या फटीतून अन्याय आत शिरतो. म्हणूनच शब्दांचे वजन जाणणारी माणसे संसदेत असावी लागतात, आणि जिच्यावर तो अन्याय होतो तिच्या जातीची असतील तर अधिक बरे.

१९५७ साली बाई केंद्रात गृहखात्याच्या उपमंत्री झाल्या आणि १९ एप्रिल १९६२ रोजी राज्यसभेच्या उपसभापती. त्या आसनावर निवडून आलेली ही पहिलीच स्त्री. या पदाचे मर्म असे की, तेथे बसणाऱ्याने आपले मत बाजूस ठेवून दोन्ही पक्षांस बोलू द्यावयाचे असते. अध्यक्षस्थानी असता प्रथम मत देता येत नाही. दोन्हीकडील मते समसमान पडली तरच निर्णायक मत द्यावयाचे. जन्मभर एका पक्षाची बाजू मांडणाऱ्या वकिलाला हा मोठा संयम होय. १९६६ साली सभागृहाने त्यांनाच पुन्हा निवडले. १६ नोव्हेंबर १९६९ रोजी त्यांनी पदाचा राजीनामा दिला आणि २० नोव्हेंबरला मेंदूतील रक्तस्रावाने दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी पाडलेली वाट पुढे मोडली नाही. त्याच विधी महाविद्यालयात शिकलेल्या व जळगावास वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील १९८६ साली त्याच आसनावर बसल्या आणि २००७ साली राष्ट्रपती झाल्या. बाईंच्या स्नुषा मार्गारेट अल्वा, त्याही वकील, १९७४ पासून १९९८ पर्यंत राज्यसभेत होत्या. पंचायतींत स्त्रियांस राखीव जागा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तो दिवस २४ एप्रिल, म्हणजे व्हायोलेटबाईंचा जन्मदिवस. हा योगायोग खरा, पण अर्थपूर्ण आहे.

आता प्रयोजनाकडे येतो. महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. परंतु आपल्या मराठवाड्यात अनेक ठिकाणी काय दिसते? खुर्चीवर बाई आणि बोलणार यजमान. सही बाईची आणि शब्द दुसऱ्याचा. तीच गत वडिलोपार्जित जमिनीची. आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्याने मुलामुलींस समान वाटा दिला आहे. हिंदू भगिनींसही कायद्याने तो मिळाला आहे. तरीही भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि माहेर तुटेल या भयाने बहीण न वाचता अंगठा उठविते. प्रेमाने दिले तर ते दान होय. भयाने दिले तर त्यास दान म्हणू नये.

पवित्र शास्त्रात सलाफहादाच्या पाच मुलींची कथा आहे. बापास मुलगा नव्हता म्हणून त्याचे वतन जाणार होते. त्या पाचही जणी दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे व साऱ्या मंडळीपुढे, उभ्या राहिल्या आणि आपला हक्क स्वतःच्या तोंडाने मागितला. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले आणि त्यावरून सर्वांसाठी नियम झाला. त्या गप्प बसत्या तर तो नियम कशावरून झाला असता?

भगिनींनो, संसदेत जाणे प्रत्येकीस साधणार नाही. परंतु ग्रामसभेत उभे राहून चार वाक्ये बोलणे, कागद वाचून मगच सही करणे आणि मुलगी शिकते म्हणते तोवर तिच्या लग्नाची घाई न करणे, एवढे तर आपल्या हाती आहे. आणि बंधूंनो, घरातील स्त्री बोलू लागली म्हणजे आपण ऐकावे. राज्यसभेच्या उपसभापतीचे कामही मुख्यतः तेच असते. दिल्लीत घडलेल्या कायद्यास चारठाण्यात प्राण येतो तो अशा बोलण्याने व अशा ऐकण्याने.